बाळाला आणायला निघताना

दत्तकासाठी नोंदणी केलेल्या दांपत्याची प्रतीक्षा वर्षांत मोजावी लागते. निरोप आल्यानंतरची घाई मात्र तासांची असते. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘कारा’च्या संकेतस्थळावर बाळाचे छायाचित्र, त्याचा अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय अहवाल दिसू लागला, की ४८ तासांच्या आत त्या बाळाला आपल्यासाठी राखून ठेवावे लागते. त्यानंतर काही आठवड्यांत संस्थेत जाऊन बाळाची भेट, कागदपत्रांची छाननी, दत्तक समितीपुढे मुलाखत आणि मग बाळासह परतीचा प्रवास. घरात बाळंतपण असेल तर तयारीला नऊ महिने मिळतात. येथे तयारी वर्षानुवर्षे मनातल्या मनात चाललेली असते आणि बॅग मात्र आठवड्याभरात भरायची असते.

या घाईत आपल्या समाजातील घरे हमखास बाजार गाठतात. कापडाचे दुकान चुलत्यांचे, भांड्यांचे मामांचे, सराफी पेढी व्याह्यांची. मग हात आखडता घेण्याचे कारण काय? आजी चांदीचे बोंडले काढते, आत्या झबल्या-टोपड्यांचा संच पाठवते, मावशी दूरच्या शहरातून खेळणी मागवते. निघण्याच्या दिवशी दोन मोठ्या बॅगा गच्च भरून दारात उभ्या असतात. त्यांपैकी एक घरी ठेवावी आणि दुसरी अर्धी रिकामी न्यावी, असे या लेखाचे म्हणणे आहे. पेठेला खरेदीस जाणारा व्यापारी मोकळ्या पिशव्या घेऊन निघतो. मुलाची गोष्ट व्यापाराच्या भाषेत बोलू नये हे मान्य; तरीही ही एक सवय येथे उपयोगी पडते, कारण बाळाबरोबर तेथून आणण्यासारखे पुष्कळ असते.

पहिली समजूत दुरुस्त करायची ती वयाची. ‘दत्तक बाळ’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर नाळही न पडलेले अर्भक येते. भारतातील कायदेशीर दत्तक प्रक्रियेत तसे अर्भक पालकांच्या हाती येत नाही. बाल न्याय अधिनियम, 2015 नुसार जन्मदात्यांनी मूल स्वखुशीने सोपवले, तरी त्यांना फेरविचारासाठी दोन महिन्यांचा अवधी असतो. बेवारस सापडलेल्या मुलाच्या बाबतीत बालकल्याण समिती त्याच्या आप्तांचा शोध घेते आणि त्यानंतरच ते मूल दत्तकासाठी कायद्याने मोकळे असल्याचे जाहीर करते. हा अवधी म्हणजे सरकारी दिरंगाई नव्हे. ज्या आईने अगतिक होऊन मूल सोडले तिचे मन पालटले तर तिला परतीचे दार उघडे राहावे, म्हणून तो आहे. करुणेला धर्माचे मूळ मानणाऱ्यांनी तरी त्याबद्दल कुरकुर करू नये. परिणाम असा, की सर्वांत लहान म्हणून मिळणारे बाळही बहुधा तीन-चार महिन्यांचे असते, आणि कित्येकदा त्याहून मोठे.

रुग्णालयातून ‘नुकतेच जन्मलेले बाळ’ परस्पर मिळवून देतो असे कोणी सांगत आले, तर तो अपराध आहे हे ओळखून त्याला तेथेच थांबवावे. ओळखीचा डॉक्टर, ओळखीचा वकील, ‘आपलाच माणूस’ अशी विशेषणे त्याला लावली म्हणून त्यात फरक पडत नाही. अशा व्यवहारात दिलेली रक्कम जाते ती जातेच, आणि पुढे बाळही घरातून काढून नेले जाऊ शकते.

चार महिन्यांच्या बाळाला ‘नवजात’ मापाचे कपडे होत नाहीत. संस्थेला दूरध्वनी करून बाळाचे आताचे वजन आणि लांबी विचारावी. अहवालातील आकडे काही आठवड्यांपूर्वीचे असतात. सहा-सात सुती झबली, तेवढीच दुपटी, दोन टोपड्या, दोन पायमोजे आणि प्रवासात गारठा असेल तर एक लोकरी कुंची एवढे पुरते. सर्व कपडे आधी दोनदा धुऊन, उन्हात वाळवून न्यावेत. नव्या कापडाची खळ आणि रंग बाळाच्या त्वचेला सोसत नाहीत. कापडाच्या धंद्यातील घराला हे सांगण्याची गरज नसावी, पण नेमके त्याच घरातून कोऱ्या घडीचे रेशमी अंगरखे जरीसह बाहेर पडतात. रेशमाविषयी आपल्याकडे अहिंसेचा प्रश्न आहेच. तो नसता तरी जरीची टोचणी आहे.

संस्थेत बहुधा दोनदा जाणे होते: एकदा भेटीसाठी आणि एकदा आणण्यासाठी. कोठे दोन्ही कामे एकाच मुक्कामात उरकतात. पहिल्या भेटीला बॅग जवळजवळ नकोच. एक मऊ, वापरून धुतलेले दुपटे मात्र अवश्य न्यावे. आईने ते दोन रात्री स्वतःजवळ घेऊन झोपावे आणि संस्थेची अनुमती असेल तर बाळाच्या अंथरुणावर ठेवायला द्यावे. या वयाच्या बाळाची ओळख डोळ्यांइतकीच नाकाने होते. ज्या कुशीत त्याला नेले जाणार आहे तिचा वास आधी पोहोचलेला बरा. परतताना तेच दुपटे बाळाबरोबर आणावे, आणि ते लगेच धुऊ नये. त्यात आता संस्थेच्या पाळणाघराचाही वास मिसळलेला असतो. आपल्याला तो फिनेलचा, दुधाचा, अनोळखी वाटतो. बाळाला मात्र तोच घराचा वाटतो. घरी पोहोचताच ‘आधी याला स्वच्छ न्हाऊ घाला’ म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना हे आधीच समजावून सांगावे. न्हाणे दुसऱ्या दिवशी झाले तरी चालते.

दूध हा या तयारीतला सर्वांत नाजूक भाग, आणि जैन घरात त्याला आणखी काही पदर आहेत. बाळ संस्थेत ज्या पावडरचे दूध पीत असेल, तीच पावडर प्रवासात आणि नंतर काही आठवडे चालू ठेवावी. जागा बदलली, माणसे बदलली, हवापाणी बदलले; त्यात पोटातलेही बदलले तर जुलाब, पोटदुखी आणि रडणे यांचे कारण शोधता शोधता घर हवालदिल होते. पावडरचे नाव, एका वेळचे प्रमाण, दोन वेळांमधले अंतर, बाटली की वाटी-चमचा, दूध किती कोमट लागते, हे सारे बाळाची देखभाल करणाऱ्या ताईंना विचारून कागदावर लिहून घ्यावे. कार्यालयातील अधिकाऱ्यांपेक्षा हे त्यांनाच अधिक ठाऊक असते. कित्येक संस्थांत संसर्ग टाळण्यासाठी बाटली वापरतच नाहीत. अशा बाळापुढे महागडी बाटली धरली तर ते तोंड फिरवते आणि आई उगाच खट्टू होते.

काही पावडरींत माशांच्या तेलापासून काढलेला घटक असू शकतो. डब्यावरील घटकांची यादी वाचणाऱ्या जैन आईच्या ते ध्यानात येणारच. तिने ती पावडर त्याच दिवशी टाकून देऊ नये. घरी पोहोचल्यावर बालरोगतज्ज्ञांना विचारून दुसरी निवडावी आणि बदल त्यांच्या सल्ल्याने सावकाश करावा. प्रवासात प्रयोग नको.

पाण्याच्या बाबतीत आपली घरे मुळातच सावध. गाळणे आणि उकळणे आपल्याला कोणी शिकवायला नको; उकळलेल्या पाण्याचा काळ पावसाळ्यात तीन प्रहर, हिवाळ्यात चार आणि उन्हाळ्यात पाच, हे घरातल्या मुलीलाही पाठ असते. मात्र हा हिशेब बाळाच्या दुधाला लावू नये. पावडर किमान ७० अंश उष्ण पाण्यात मिसळावी लागते, कारण पावडर स्वतः निर्जंतुक नसते. म्हणून उकळलेले पाणी चांगल्या थर्मासमध्ये गरम ठेवावे, प्रत्येक वेळी दूध ताजे करावे, निववून मनगटावर थेंब टाकून पाहावे आणि मग पाजावे. तयार केलेले दूध दोन तासांच्या आत संपले पाहिजे. बाळाने उष्टे ठेवलेले तर लगेच टाकावे. टाकणे जिवावर येते हे खरे, पण येथे काटकसर करू नये. थर्मास दोन न्यावेत: एक अतिगरम पाण्याचा, एक उकळून निवलेल्या पाण्याचा. किती वेळांची तरतूद करावी? गाडी, विमान, रस्ता यांचा एकत्र हिशेब करून जितके तास येतील त्याच्या दुप्पट. अठरा तासांचा प्रवास असेल तर छत्तीस तासांचे दूध, लंगोट आणि डायपर. गाडी उशिरा आली म्हणून बाळाची भूक थांबत नाही.

सूर्यास्ताचा प्रश्नही येतो. तान्ह्या बाळाने चौविहार पाळावा असे कोणतेही शहाणे घर म्हणत नाही, म्हणून तो प्रश्न धर्माचा कमी आणि सोयीचा अधिक आहे. ज्या घरात सूर्यास्तानंतर चूल पेटत नाही, तेथे रात्री दोन वाजता पाणी कोठे तापवायचे? विजेची किटली, निर्जंतुक केलेल्या वाट्या आणि पावडर यांची मांडणी शयनगृहात, बाळाच्या पाळण्याजवळ आधीच करून ठेवावी. स्वयंपाकघराचा नियम अबाधित राहील आणि सुनेला मध्यरात्री अपराध्यासारखे वावरावे लागणार नाही.

बाळ सहा महिन्यांचे होऊन गेले असेल तर त्याचे वरचे अन्न सुरू झालेले असेल. संस्थेत उकडलेला बटाटा भरवला जात असल्यास त्यावरून चर्चा नको. घरी आल्यावर मऊ भात, मुगाच्या डाळीचे वरण, पिकलेले केळे आणि उकडलेली कच्ची केळी हे सर्व आहेच. एका वेळी एकच नवा पदार्थ द्यावा. मधाबद्दल मात्र धर्म आणि वैद्यक यांचे पूर्ण एकमत आहे. मध आपल्याला वर्ज्यच, आणि एक वर्षाखालील बाळाला तो वैद्यकानेही वर्ज्य सांगितला आहे, कारण त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते. शेजारच्या काकूंनी प्रेमाने आणलेल्या घुटीत मध आहे का, एवढे विचारावे.

दागिन्यांविषयी थोडक्यात. सोन्याची साखळी, चांदीचे वाळे, करदोटा, मनगट्या यांतले काहीही प्रवासात नको. साखळी गळ्याला आवळते, मणी सुटून तोंडात जातो आणि गर्दीत नजर बाळापेक्षा दागिन्यावर राहते. चांदीचे बोंडले दिसते सुरेख, पण त्याची अरुंद चोच आतून घासता येत नाही. चांदीची उघडी वाटी आणि चमचा त्यापेक्षा चांगला. काजळात शिसे असू शकते, ते नको. डोक्याला आकार यावा म्हणून मोहरीची उशी शिवून ठेवलेली असते. डॉक्टर तीही नको म्हणतात. बाळाला पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर झोपवावे.

कागदपत्रांची पिशवी वेगळी असावी आणि ती ज्याच्याकडे असेल त्याने बाळ उचलू नये. दोन्ही सांभाळणे एका माणसाचे काम नाही. आधार, पॅन, जन्माचे पुरावे, विवाह नोंदणी प्रमाणपत्र, प्राप्तिकर विवरणपत्र, दोघांची वैद्यकीय प्रमाणपत्रे, छायाचित्रे, संस्थेने कळवलेली शपथपत्रे यांच्या मूळ प्रती आणि छायांकित प्रतींचे तीन संच. परतीच्या प्रवासात ज्यांची खरी गरज लागते ते कागद मात्र तेथेच मिळतात: दत्तकपूर्व संगोपनासाठी बाळ ताब्यात घेतल्याचा करार, बाळ दत्तकासाठी मोकळे असल्याचा बालकल्याण समितीचा आदेश, लसीकरण पत्रिका आणि संस्थेचे पत्र. त्या वेळी बाळाच्या जन्मदाखल्यावर तुमचे नाव नसते, कित्येकदा दाखला हातातच आलेला नसतो. विमानात दोन वर्षांखालील बाळ मांडीवर बसून जाते, पण त्याच्या वयाचा पुरावा मागतात. कोणता कागद चालेल हे तिकीट काढतानाच विमान कंपनीला विचारून ठेवावे. रेल्वेत पाच वर्षांखालील मुलाला स्वतंत्र जागा नको असल्यास तिकीट लागत नाही. खालचा बर्थ मात्र मागून घ्यावा. विमान उतरताना बाळाचे कान दुखतात, त्या वेळी त्याला दूध पाजता येईल असा वेळ जुळवावा.

स्थानकावर किंवा विमानतळावर एखाद्या पोलिसाने बाळ कोणाचे म्हणून विचारले तर रागावू नये. लहान मुलांची चोरटी ने-आण होते म्हणूनच तो विचारतो. कागद दाखवावेत आणि पुढे जावे.

आता एक गोष्ट, जी आपल्या स्वभावाच्या विरुद्ध जाते. संस्थेच्या पाळणाघरात पंधरा-वीस बाळे पाहिली की आपल्या माणसाचा हात खिशाकडे जातो. दान हा आपल्याला लहानपणापासूनचा संस्कार, आणि येथे तर साक्षात जीवदया समोर. पण दत्तक नियमावलीनुसार ठरलेल्या शुल्काखेरीज संस्थेने दत्तक घेणाऱ्या पालकांकडून रोख वा वस्तुरूप देणगी घ्यायची नसते. कारण उघड आहे: आज मोठ्या मनाने दिलेली देणगी उद्या दुसऱ्यासाठी बाळाची किंमत ठरेल. ज्याची ऐपत कमी त्याच्या नावापुढे प्रतीक्षा वाढेल. म्हणून शुल्क भरावे, पावती घ्यावी आणि हात आवरावा. ‘आमच्या नावाची फरशी बसवा’ असा आग्रह तर मुळीच धरू नये. मिठाईचा डबा न्यायचा असेल तर तोही आधी विचारून. देण्याची ऊर्मी खरी असेल, तर ज्या संस्थेशी आपला दत्तकाचा संबंध नाही अशा एखाद्या बालगृहाला देता येते.

बॅग केव्हा भरायची, दिवसाउजेडी की रात्री दार लावून? हा प्रश्न विचित्र वाटेल, पण बहुतेक घरांत तो न बोलता उपस्थित असतो. काही सुना बाळ येण्यापूर्वी काही महिने परगावी जाऊन राहतात, म्हणजे परतताना ‘बाळंतपण करून आली’ असे शेजाऱ्यांना वाटावे. काही घरांत नोकरांनाही कळू देत नाहीत. यामागे दुष्टावा नसतो, भीती असते: उद्या सोयरीक जमवताना कोणी रक्त विचारील, भाऊबंद वाटणीच्या वेळी बोट दाखवतील, मूल मोठे होऊन परके होईल.

गंमत अशी, की दत्तक ही गोष्ट आपल्या व्यापारी घराण्यांना मुळीच नवी नाही. कित्येक जुन्या पेढ्या गोद घेतलेल्या मुलांनी चालवल्या आणि वाढवल्या. तो विधी उघड होत असे, पंचांच्या साक्षीने, समाजाला बोलावून; मूल दिले आणि घेतले हे चार माणसांनी पाहिले पाहिजे, हाच त्याचा गाभा. पिंडदान आणि श्राद्ध आपल्याकडे नसल्याने जैनांमध्ये दत्तक हा पारलौकिक सोयीचा विषय नव्हता. न्यायालयांनीही तो ऐहिक, कौटुंबिक व्यवहार म्हणूनच पाहिला. १८७८ साली प्रिव्ही कौन्सिलने एका जैन विधवेच्या प्रकरणात, तिच्या समाजाच्या रूढीनुसार निपुत्रिक विधवेला पतीच्या परवानगीवाचूनही दत्तक घेता येते, असे मान्य केले. इतर अनेक स्त्रियांना तो अधिकार नव्हता अशा काळातली ही गोष्ट. 1956 चा हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम आपल्यालाही लागू आहे, आणि त्यातही मुलाचे प्रत्यक्ष देणे-घेणे झालेच पाहिजे असे म्हटले आहे. लपवाछपवी आली ती अलीकडे, दीराच्या किंवा भावाच्या मुलाऐवजी अनोळखी कुळातले बाळ येऊ लागले तेव्हा.

अनोळखी कुळाची धास्ती बाळगणाऱ्यांनी पर्युषणात ऐकलेले कल्पसूत्र आठवावे. श्वेतांबर परंपरेनुसार भगवान महावीर आधी देवानंदा ब्राह्मणीच्या उदरात होते आणि ८३ व्या रात्री हरिणैगमेषी देवाने त्यांना त्रिशलामातेच्या उदरात ठेवले. पुढे केवलज्ञान झाल्यावर देवानंदा दर्शनाला आली, तिला पान्हा फुटला, आणि गौतमस्वामींनी कारण विचारले तेव्हा भगवंतांनी भरसभेत सांगितले की ही माझी माता आहे. भगवतीसूत्रात हा प्रसंग आहे. त्रिशलामातेचे मातृत्व त्यामुळे कणभरही उणे झाले नाही. दिगंबर परंपरा गर्भसंक्रमणाचा हा प्रसंग मानत नाही. पण तिच्या पद्मपुराणात भामंडलाची कथा आहेच. जनकाचा हा पुत्र, सीतेचा जुळा भाऊ, जन्मताच हरण झाला आणि विद्याधर राजा चंद्रगतीच्या घरी लाडाने वाढला. त्याला स्वतःच्या जन्माची माहिती नव्हती. म्हणून सीतेचे चित्र पाहून त्याचे मन भलतीकडे गेले आणि सत्य उमगल्यावर त्याला मरणप्राय लाज वाटली. संगोपनात काही कमी नव्हते. माहिती तेवढी दिली गेली नव्हती.

म्हणून बॅग दिवसाउजेडी भरावी. मुलाला त्याची गोष्ट अगदी लहानपणापासून सांगायची असेल, तर ती सांगण्याची साधने याच प्रवासात गोळा करावी लागतात, आणि बॅगेतली रिकामी जागा त्यासाठीच आहे. बाळाच्या अंगावरचे त्या दिवशीचे झबले, संस्था देत असेल तर, मनगटावरची पट्टी, त्याला आवडणारा खुळखुळा, मग तो किती का जुना असेना, देखभाल करणाऱ्या ताईंच्या हातचे चार ओळींचे पत्र, संस्थेच्या दाराचे, पाळण्याचे, बाहेरच्या झाडाचे छायाचित्र, त्या गावचे त्या दिवशीचे वृत्तपत्र, मग ते ओडिया असो की तेलुगू. संस्थेत त्याला ज्या नावाने हाक मारत ते नावही लिहून घ्यावे. बारशाला आत्या नवे नाव ठेवीलच. पण पहिले काही दिवस जुन्या नावाने हाक मारली तर बाळ मान वळवते, आणि दोन्ही नावे जोडून म्हणता म्हणता नवे अंगवळणी पडते. ही सारी चीजवस्तू एका कापडी थैलीत घालून, डांबरगोळी न टाकता, कपाटात ठेवावी. अठरा वर्षांनंतर आपल्या जन्माचा माग काढण्याचा हक्क नियमांनी त्याला दिलेला आहे. तेव्हा ते विचारील, आणि बहुतेक मुले त्याच्या कितीतरी आधी विचारतात.

प्रवासाला आईवडिलांखेरीज आणखी एकच माणूस असावा. शक्यतो असा, जो कमी बोलतो. एकत्र कुटुंबात सर्वांनाच यायचे असते, पण सात अनोळखी चेहऱ्यांनी आळीपाळीने उचललेले बाळ रात्रभर झोपत नाही. वडिलांनी दुकानाचा दूरध्वनी भावाकडे देऊन यावे. भाव विचारणाऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत बोलत बाळ पहिल्यांदा हातात घेणारे बाप असतात, म्हणून लिहिले.

घरी पोहोचल्यावर सोयर पाळायचे का, देवदर्शनाला केव्हा न्यायचे, मांगलिक केव्हा ऐकवायचे, असे प्रश्न उंबरठ्यावर निघू नयेत. घरातल्या मोठ्यांनी आपल्या परंपरेतील महाराजसाहेबांना किंवा पंडितांना निघण्यापूर्वीच विचारून ठेवावे. पाहुण्यांना दोन-तीन आठवडे थांबायला सांगावे, आणि त्या काळात दूध पाजणे, न्हाऊ घालणे, झोपवणे हे आईवडिलांनीच करावे. आजीचा हात अधिक सराईत असतो हे खरे, पण बाळाला सध्या सराईत हातापेक्षा तोच तो हात हवा असतो. जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश होईपर्यंत बाळाचे छायाचित्र व्हॉट्सअ‍ॅपच्या समाजगटांवर किंवा अशा मासिकांच्या अभिनंदनाच्या पानावर देऊ नये. मुलाची ओळख उघड करण्यावर कायद्याचे निर्बंध आहेत. १ सप्टेंबर 2022 पासून हे आदेश न्यायालयाऐवजी जिल्हा दंडाधिकारी देतात आणि त्यासाठी दोन महिन्यांची मुदत आहे. आदेशानंतर आईवडिलांच्या नावाचा जन्मदाखला मिळतो. पेढे तेव्हा वाटावेत.

त्यानंतर दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी, सामाजिक कार्यकर्त्या घरी येऊन बाळ कसे आहे ते पाहतात. कागदपत्रांची पिशवी तोवर माळ्यावर टाकू नये. लसीकरण पत्रिका तिच्यातून काढून बालरोगतज्ज्ञांकडे पहिल्याच आठवड्यात न्यावी, आणि कोणती लस राहिली आहे ते तपासून घ्यावे.